खालची कडी

१

नवऱ्यानं सेलमधून काही आणलं की तिला ते त्याच्या चालण्यावरूनच कळायचं. एरवी तो दारातूनच चहाची चौकशी करायचा. सेलच्या दिवशी मात्र पिशवी अंगाच्या पलीकडे धरून, भिंतीला घासत, पॅसेजमधून सरळ छोट्या खोलीत शिरायचा. मग पुठ्ठा फाडल्याचा आवाज, लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं खाकरून, "अगं, एक पक्कड मिळाली. निम्म्याहून कमी किमतीत."

"बरं झालं, आधीच्या पकडींना सोबत झाली," ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. बोटं मऊ, नखं स्वच्छ, आणि घरात खिळा ठोकायची वेळ आली की त्याला हमखास कुठेतरी जायचं असायचं. पण बाजारामागच्या जुन्या हॉलमध्ये स्वस्त हत्यारांचा सेल बारमाही चालायचा आणि तिथून रिकाम्या हातानं परतणं त्याला जमायचं नाही. स्क्रू ड्रायव्हर, पाने, करवती, एक रंधा, कानशी, आणि एक ड्रिल मशीन, ज्याच्या डब्यावरचं चित्र आणि आतली वस्तू यांची कधी गाठच पडली नसावी. मुठी सैल, पाती पातळ. "घरात असलेलं बरं. कधी लागलं तर?" असं त्याचं म्हणणं.

लागत तर रोजच होतं. तिच्या मशीनच्या टेबलाचा खण दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उघडत नव्हता. स्वयंपाकघराचं दार वरच्या बिजागरीतून निसटून फरशीला घासायचं. नळ तर त्यांच्या लग्नापासून टिपकत होता.

हत्यारं ठेवलेल्या त्या छोट्या खोलीला सुरुवातीच्या वर्षांत दोघं 'बाळाची खोली' म्हणायची. पुढे नुसतीच 'ती खोली' झाली. आणि अलीकडे सेलची खोली. नाव बदलताना कुणी काही बोललं नव्हतं.

एकदा मात्र ती बोलली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, खणातली कात्री निघत नव्हती, आणि तो नवा स्क्रू ड्रायव्हर उजेडात फिरवून बघत होता.

"जन्मात एक तरी स्क्रू पिळलात का हो?" तिनं विचारलं. "नुसती खोगीरभरती करून ठेवलीय घरात."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर पुन्हा डब्यात ठेवला. झाकण लावायलाही त्यानं बराच वेळ घेतला.

२

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिनं सवयीनं दोन्ही हात लावून खण ओढला आणि खण सगळाच्या सगळा तिच्या मांडीवर आला. बॉबिन, खडू, बटणं, सगळं फरशीवर सांडलं. ते गोळा करता करता तिला हसू फुटलं. खणाच्या दोन्ही कडा तासलेल्या होत्या, आतल्या पट्ट्या नव्यानं बसवल्या होत्या. काम इतकं सुबक होतं की तिनं त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

म्हणजे बोललेलं लागलं म्हणायचं. ती बरेचदा बाजारहाट, गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला अशी बाहेर असायची. त्याची आठवड्याची सुट्टी मधल्याच वारी यायची. तेव्हा केलं असणार.

संध्याकाळी तो मशीनपाशी आला, खण उघडून बंद करून बघितला आणि म्हणाला, "खण छान झालाय हं."

कौतुक हवंय बाबाला, तिनं मनात म्हटलं. "झालाय खरा," ती मोठ्यानं म्हणाली.

दोघंही हसली. किती दिवसांनी.

मग दार घासायचं थांबलं. मग नळ. नळ बंद झाला तेव्हा घरात एवढी शांतता पसरली की तिला ती आधी ओळखताच येईना. काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. तिनं त्याच्या जुन्या कोटाला नवं अस्तर लावून दिलं. तो कोट घालून आरशापुढे उभा राहिला, बाहीच्या आत हात घालून अस्तर चाचपलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. एकमेकांचे आभार मानायची रीत त्या घरात नव्हती. जे होत होतं ते बोलून बिघडेल असंही तिला वाटायचं.

३

आणि मग ती खुंटी.

छोट्या खोलीच्या दाराशेजारी, आतल्या भिंतीवर, लाकडाची एक गोल खुंटी तिला दिसली. तिच्या गुडघ्याच्या जेमतेम वर. आधी तिला वाटलं, माणूस चळला. एवढ्या खाली कोण काय टांगणार? मग ती तिथेच फरशीवर बसली.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मावसबहिणीनं विषय काढला होता. शहराबाहेर एक बालगृह आहे, मुलं चांगली आहेत, एकदा जाऊन तर बघा. तो "बघू" म्हणाला होता आणि त्यानंतर दोघांनीही तो विषय कुणाच्या तरी झोपेला जपावं तसा जपून ओलांडला होता. आणि आता ही खुंटी. बोलता येत नाही म्हणून माणूस असं सांगतो, तिला वाटलं.

तिनं उरलेल्या निळ्या लोकरी कापडातून एक छोटा कोट बेतला. माप कुणाचंच नव्हतं, अंदाजानं. दोन खिसे, चार बटणं. शिवून झाल्यावर त्या खुंटीवर अडकवला.

तो आला, खोलीत गेला आणि बाहेरच येईना. ती बघायला गेली तर हा कोटापुढे उकिडवा बसलेला, चष्मा काढून पुसत.

"मला सरळ सांगायचंस ना," तो म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

त्यावर दोघं हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. कोण कशाबद्दल बोलतंय हे त्या क्षणी कुणीच तपासलं नाही.

४

बालगृहातली मुलगी चार वर्षांची होती. बोलत नव्हती. पण नवरा खाली बसताच तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला आणि त्यातून दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. परतताना तो सगळ्या वाटेत तेवढंच सांगत होता, जणू ते बघायला ती स्वतः तिथे नव्हतीच.

संचालिकाबाई म्हणाल्या होत्या, "आधी मी घर बघून जाते. मोठं नसलं तरी चालेल. मुलीला सोसेल असं असावं."

म्हणून तिनं घर धुवायला काढलं. कपड्यांचे गठ्ठे हलवले, पॅसेजमधली ट्रंक सरकवली, आणि भिंतीलगत ओलं फडकं फिरवताना हात कशाला तरी लागला. लाकडी दांडा होता. अंगठ्याएवढा जाड, भिंतीला समांतर, गुडघ्याच्या खाली. छोट्या खोलीच्या दारापासून निघून तो पॅसेजभर जात थेट बाहेरच्या दारापर्यंत पोचला होता. पॉलिश पेपरनं घासून घासून रेशमासारखा केलेला. ट्रंकेच्या मागे तो किती दिवस होता कुणास ठाऊक.

तिला कौतुक वाटायला हवं होतं. पण चार वर्षांची मुलगी काही भिंत धरून रांगत नाही.

नवरा स्वयंपाकघरात खिडकीच्या काचा पुसत होता. "अहो," ती म्हणाली, "तो दांडा एवढा खाली का घेतलात?"

"कुठला दांडा?"

"पॅसेजमधला."

तो बघायला आला. खाली वाकला, दांड्यावरून हात फिरवला. "सुरेख केलायस गं," तो म्हणाला. "पण खरंच, एवढा खाली का?"

तिनं फडकं खाली ठेवलं. "मी नाही केला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही केलात ना. खण, दार, नळ..."

"मी?" तो उठून उभा राहिला. "अगं, मला खण उलटा कसा करतात तेही माहीत नाही. मला वाटलं, तू एकदाची माझी हत्यारं वापरायला लागलीस. एवढं बरं वाटलं होतं मला. मी मुद्दाम काही बोललो नाही, म्हटलं, बोललो तर थांबशील."

नळ टिपकत असता तर निदान ती शांतता भरून निघाली असती.

"आणि खुंटी?" तिनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

दोघं मिळून छोट्या खोलीत गेली. कोट खुंटीवरच होता. तिनं तो काढला आणि त्याच्या आत दुमडलेल्या बाह्या सुळकन फरशीपर्यंत घरंगळल्या. मनगटाशी तिची शिवण उसवलेली होती, एकही धागा न तुटता, ती स्वतः उसवते तशी. आणि तिथून पुढे, हत्यारांच्या पिशवीचं जाड खाकी कापड जोडत जोडत, दोन्ही बाह्या लांबवल्या होत्या. टाके तांब्याच्या तारेचे होते. सारख्या अंतरावर, सारख्या ओढीचे.

नवऱ्यानं बाहीचं टोक उचललं आणि लगेच सोडून दिलं.

५

माणूस म्हटला की कारण शोधतो. मोठ्या दिरांकडे घराची दुसरी किल्ली होती. तिनं फोन लावला.

"भाऊजी, तुम्ही मधे येऊन आमच्याकडे काही दुरुस्ती केलीत का?"

"मी?" ते खो खो हसले. "अगं, माझ्या घरातला बल्ब बदलायला मी माणूस बोलावतो. का, पडलं की काय काही?"

तिनंही हसून फोन ठेवला. मग किल्ली हरवल्याचं निमित्त करून बाहेरच्या दाराचं कुलूप बदलून घेतलं. कुलूपवाला काम करताना गुणगुणत होता. निघताना सहज म्हणाला, "खाली आणखी एक कडी आहेच की तुमच्याकडे. भक्कम आहे."

ती त्यांनी तोवर बघितलीच नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कडेपासून दोन वितींवर, दांडा जिथे संपत होता तिथेच. तेल दिलेली होती. बोटानं ढकलली तर आवाज न करता सरकत होती.

नवऱ्यानं ती काढायचं ठरवलं. खोलीतून स्क्रू ड्रायव्हर आणला, गुडघे टेकून बसला, जोर केला. पातं पिळलं गेलं. दुसरा आणला, त्याची मूठ हातात आली आणि लोखंड स्क्रूतच राहिलं. तिसऱ्याचं टोक तुटलं. तो घामाघूम होऊन तसाच बसून राहिला.

"या हत्यारांनी हे काम होऊच शकत नाही," तो म्हणाला. इतकी वर्षं त्यानं त्या हत्यारांविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नव्हता. "बघ ना. लोण्यासारखी आहेत सगळी."

तिच्या गळ्यात टेप होता. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांना एक खोड असते. कपडा दिसला की आतलं अंग दिसतं. तिला ते थांबवता येईना. दांड्याची उंची, कडीची उंची, खुंटीची उंची, तिन्ही एका अंगाला बसत होती. टेबलाखालून न वाकता जाईल असं काहीतरी. पण स्वयंपाकघराच्या दाराची वरची बिजागरी तिच्याही हाताला येत नव्हती, आणि घरातल्या एकुलत्या एका स्टुलावर तेव्हा महिनाभर एका शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा जसाच्या तसा पडून होता. खाली उभं राहून वर पोचायचं तर हात केवढा लागेल? तिनं मनातल्या मनात बाही बेतली. मग खुंटीवरच्या कोटाकडे बघायची तिला गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं सगळं नेलं. नवऱ्यानं एकेक डबा स्वतः उचलून गाडीवर ठेवला, ड्रिल मशीन सगळ्यांत शेवटी. भंगारवाला म्हणाला, "साहेब, ही तर नवीकोरी दिसतात."

"न्या तुम्ही," नवरा म्हणाला आणि गाडी वळण्याआधीच आत आला.

६

दोन दिवस घर गप्प होतं. त्यांनी छोट्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, कोट आत तसाच ठेवून. संचालिकाबाईंचा निरोप आला की त्या आठवडाअखेर येतील. नवरा खेळण्यांच्या दुकानापाशी रेंगाळून आला आणि काही न घेता आला, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

"संपलं असेल ना?" त्यानं विचारलं.

"संपलंच असणार," ती म्हणाली. "हत्यारंच नाहीत म्हटल्यावर."

त्या दुपारी ती एकटी होती. आभाळ भरून आलेलं, खोलीत दिवा लावून ती काजं करत बसली होती. मशीन थांबलं की एक आवाज ऐकू येई. मशीन सुरू केलं की लपे. उंदीर, तिनं स्वतःला सांगितलं. मग तिनं पाय मशीनवरच ठेवून, मशीन न चालवता, ऐकलं.

लाकूड खरवडल्याचा आवाज होता तो. लोखंडाचा नव्हे. मऊ, ओला, मधे मधे थांबणारा. दुखल्यावर कुणी थांबतं तसा. आणि पुन्हा सुरू. तो छोट्या खोलीतून येत नव्हता. तिच्या पाठीमागून, पलंगाकडून येत होता. तिनं वळून बघेपर्यंत थांबला.

पलंग मधे खचला होता. गादी उचलली तर खालच्या दोन फळ्या गायब होत्या. आणि पॅसेजमधला दांडा आता उंबरा ओलांडून खोलीत वळला होता, भिंतीच्या कडेनं, थेट त्यांच्या उशांपर्यंत. हा नवा भाग रेशमासारखा नव्हता. त्यावर आडवेतिडवे चरे होते, काही काळपट ओले. एका चऱ्यात नखाचा तुकडा रुतून बसला होता. लांब, वाकडा.

हत्यारं काढून घेतल्यानं काम थांबलं नव्हतं. फक्त अवघड झालं होतं. तिला भीती वाटली ती वाटलीच, पण तिच्याआधी, एक क्षणभर, जीव कळवळला. त्या कळवळ्याचीच तिला पुढे जास्त भीती वाटली.

नवरा आल्यावर तिनं त्याला सगळं दाखवलं.

"घर बदलू या," तो म्हणाला.

"बदलू. पण आधी तिथे जाऊन सांगून या."

"काय सांगू?"

"नको म्हणून सांगा. ती मुलगी या दारातून आत यायला नको. फोनवर नको, स्वतः जा. आणि बाईंनाही येऊ देऊ नका."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तिला काय वाटेल?" तो म्हणाला.

७

तो सकाळी गेला. ती स्वयंपाकघरात सामान बांधत होती. दिरांकडे चार दिवस राहायचं ठरलं होतं. भांडी कागदात गुंडाळायची आणि खोक्यात ठेवायची, कागदाचा आवाज होत राहील असं बघायचं. दुपार कलली तसा बाहेरच्या दारात किल्लीचा आवाज आला. तिला इतकं हलकं वाटलं की हातातली वाटी तिनं खोक्यात तशीच टाकली.

कुलूप फिरलं. दार हललं नाही.

"अगं," बाहेरून त्याचा थकलेला आवाज आला, "खालची कडी लावलीस का?"

तिनं लावली नव्हती.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. पॅसेजमध्ये अंधारलं होतं. पार तिकडच्या टोकाला दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, आणि त्या रेघेत नवऱ्याच्या पावलांची सावली. मधे छोट्या खोलीचं दार. त्याचं कुलूप कडीला तसंच लटकत होतं, पण दार तळाशी, हातभर, फळी निघाल्यासारखं उघडं होतं.

आधी तिला निळं कापड दिसलं. तिचं स्वतःचं. मग खाकी. तारेचे टाके उजेडाच्या रेघेत एकेक करून चमकत गेले. बाही दांड्यावरून घसरत, दांड्याचा आधार घेत, बाहेरच्या दाराकडे चालली होती, आणि तिची नजर सवयीनं कोपर शोधत होती. कोपर आलं नाही. बाही संपली, तरी हात संपला नाही.

"उघडतेस ना?" नवरा म्हणाला. "पाय दुखतायत गं."

नका येऊ, असं तिला ओरडायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण पॅसेजच्या त्या टोकाला बोटं कडीपर्यंत पोचली होती आणि त्यांना कडी शोधावी लागली नाही. ती ओळखीच्या जागी गेली, आणि कडी आवाज न करता मागे सरकली.

दार उघडलं. नवरा आत आला आणि उजेडाला पाठ करून लगेच खाली वाकला, बुटांच्या नाड्या सोडायला. दाराआड काय होतं ते दार आत आल्यामुळे झाकलं गेलं.

"सांगून आलो," तो नाडीशी झटापट करत म्हणाला. "पोरगी खिडकीत उभी होती. तिला वाटलं असेल, न्यायलाच आलोय." त्याचा आवाज चिरकला. तोल सावरायला त्यानं न बघता एक हात भिंतीकडे नेला आणि तिथला दांडा धरला.

त्याच्या पाठीमागे दार हळूच लोटलं गेलं. खालची कडी सरकली.

"राहू दे ना," तो वर न बघता, मायेनं म्हणाला. "मी लावली असती."

मग त्यानं मान वर केली, आणि ती त्याला पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसली.